आधी ठरवा, कॅमेऱ्यापासून लपवायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आला आहे. नवरा अंबाजोगाईचा, बायको उदगीरची, दोघं लातूरला राहतात. दहा-बारा वर्षं गॅदरिंग, गणपती, यात्रा, सेवापूर्तीचे सोहळे अशा ठिकाणी जोडीनं विनोदी कार्यक्रम करतात. आता आपल्याच संसारावर खोट्या माहितीपटाच्या धाटणीची, म्हणजे मॉक्युमेंटरी, मालिका करायची आहे. ६ भाग, प्रत्येकी १४-१५ मिनिटांचे. पहिला भाग करून ओळखीच्यांना दाखवला तर सगळ्यांचं म्हणणं एकच, "स्टेजवर तुम्ही पोट दुखेस्तोवर हसवता, इथं हसूच येईना." काय चुकलं, आणि घरातलं किती दाखवायचं, हे तुमचे दोन प्रश्न.

तुमचा भाग मी तीनदा बघितला. पहिल्यांदा नेहमीसारखा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, तिसऱ्यांदा चित्र झाकून नुसता ऐकला. संकलनाच्या टेबलावर लागलेली ही जुनी सवय आहे आणि तुमच्या बाबतीत उत्तर तिथंच सापडलं. आवाज बंद केला तेव्हा स्टेज कुठलं आणि स्वयंपाकघर कुठलं हे मला फक्त मागच्या भिंतीवरून कळत होतं. भाऊ, तुम्ही फोडणी देतानासुद्धा पहिल्या रांगेकडे हात करता. ताई, तुम्ही दार उघडायला जाता ती चाल एन्ट्रीची आहे. आणि नुसतं ऐकलं तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या १४ मिनिटांत कुणाचंही एक वाक्य अर्धवट राहिलेलं नाही. घरात असं कुणी बोलत नाही.

स्टेजवर तुम्ही हसवायला उभे आहात हे प्रेक्षकाला माहीत असतं, तो हसायलाच आलेला असतो. मॉक्युमेंटरीत प्रेक्षक बघायला येतो. समोरचा माणूस कॅमेऱ्यापुढं स्वतःचं एक चांगलं रूप धरून बसतो, ते रूप हळूहळू सुटतं, आणि सुटतंय हे त्याच्याआधी आपल्याला कळतं. हसू येतं ते या मधल्या दोन-तीन सेकंदांत. २००१ साली बीबीसीवर आलेली 'द ऑफिस' ही मालिका अशीच बांधलेली आहे. तिच्यातला साहेब स्वतःला फार विनोदी समजतो. त्याच्या विनोदाला कर्मचारी हसत नाहीत. आपण हसतो ते तो विनोद सांगून झाल्यावर सगळ्यांच्या तोंडाकडे बघतो तेव्हा. तिथं पाठीमागून हशाचा आवाज नाही, त्यामुळं कधी हसायचं ते आपलं आपल्याला ठरवावं लागतं.

आता तुमची अडचण बघा. तुमची दोन्ही पात्रं विनोदवीर आहेत. म्हणजे कॅमेऱ्यापुढं त्यांनी धरलेलं रूपच 'आम्ही गमतीदार माणसं' हे आहे. तुम्ही दोघं तुमच्या कामात पक्के, त्यामुळं ते रूप एकदाही सुटत नाही, आणि कॅमेऱ्याला पकडायला काही उरत नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी एक काम करा. दोन कागद घ्या, वेगळ्या खोल्यांत बसा आणि आपापल्या पात्रासाठी एकच ओळ लिहा: हा माणूस कॅमेऱ्यापासून काय लपवतोय? विनोद लिहू नका, गोष्ट लिहू नका, फक्त हे लिहा. माझ्या मते पुढचं सगळं त्या दोन ओळींवर उभं राहतं. सहा भागांचे प्रसंग, बाइट म्हणजे पात्रानं कॅमेऱ्यापुढं बसून सांगितलेले तुकडे, कॅमेऱ्याची जागा, सगळं.

उदाहरण देतो. नवऱ्याची ओळ अशी असू शकते: लोक आता बायकोला बघायला येतात हे त्याला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. बायकोची: एका मंडळानं तिला एकटीला कार्यक्रम करायला बोलावलंय आणि तिनं अजून घरी सांगितलेलं नाही. आता या दोघांना नुसतं सकाळचा चहा प्यायला बसवलं तरी चालेल. तो म्हणेल, "आम्ही टीम आहोत." ती कपातल्या चहाकडे बघेल. झाला प्रसंग.

जोडीतलं विनोदी कोण, हा प्रश्न जुना आहे आणि खऱ्या जोडप्यांनी तो सोसलेला आहे. अमेरिकेतले जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांचं लग्न १९२६ सालचं. सुरुवातीला जॉर्जनं गमतीची वाक्यं स्वतःकडे ठेवली होती आणि ग्रेसीनं साधे प्रश्न विचारायचे होते. झालं असं की लोक तिच्या साध्या प्रश्नांनाच हसायला लागले. त्यानं वाटणी उलटी केली, आणि ती जोडी पुढं कित्येक वर्षं चालली. १९५० ते १९५८ त्यांची दूरचित्रवाणी मालिका होती. तिच्यात ते स्वतःच, म्हणजे नवरा-बायकोच असत, आणि जॉर्ज मधूनच गोष्टीतून बाहेर येऊन प्रेक्षकांशी बोलायचा. मॉक्युमेंटरी हा शब्दही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. तुमच्या कामाचं त्यातलं एवढंच: वाटणी उलटी करायला त्या माणसाला काय वाटलं असेल, यावर तुमचा एक अख्खा भाग होतो.

पण परदेशात फार लांब जायचं कारण नाही. माणूस गोष्टीतून तोंड वळवून समोरच्यांशी बोलतो, हे आपल्याकडे पैठणला नाथांनी करून ठेवलं आहे. त्यांच्या भारुडातली ती रोडगा कबूल करणारी सासुरवाशीण आठवा. भवानीपुढं उभी राहून ती सासू, सासरा, जाऊ, नणंदेचं पोर, एकेकाचा निकाल मागते आणि शेवटी नवऱ्यावर येते. बोलतेय देवीशी, ऐकवतेय समोर बसलेल्या बायाबापड्यांना. कीर्तनात, जत्रेत ते भारूड लागलं की आधी बायका हसतात, मग पदर तोंडाला लावतात. आध्यात्मिक अर्थ आहेच आणि तो मोठा आहे. पण मांडणी बघा. नवऱ्याविषयी, तो नसताना, तिसऱ्याला सांगणं. आपण ज्याला बाइट म्हणतो तो हाच.

बाइटवर जरा थांबतो, कारण माझी सुरुवात तिथली आहे. २००३ पासून पाचेक वर्षं मी संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, बातम्यांसाठी कॅमेरा धरला. जालना, परभणी, बीड, कुठंही जा, बूम, म्हणजे बातमीवाल्याचा माईक, पुढं केला की माणूस आधी शर्ट ओढून सरळ करतो, बटण बघतो, आणि मग एक वेगळीच मराठी बोलायला लागतो. "या ठिकाणी आम्ही असं सांगू इच्छितो की." शेतात पाणी भरणारा गडी, सरपंच, शाळेतली बाई, सगळे 'या ठिकाणी'. कॅमेरा खाली केला की तोच माणूस म्हणतो, "लै ऊन हाय, चला सावलीत." मला तेव्हाच कळलं की मराठवाड्यातल्या माणसाचं कॅमेऱ्यापुढचं रूप कपड्यात नाही, भाषेत आहे.

म्हणून माझा तुम्हाला सगळ्यात ठाम सल्ला हा आहे: तुमच्या मालिकेत जे लपवायचं ते प्रमाण मराठीत लपवा आणि ते बाहेर पडेल तेव्हा बोलीत बाहेर पडू द्या. तुमच्याकडे तर दोन बोली आहेत. भाऊ अंबाजोगाईचे, म्हणजे 'करायलो', 'कामून', 'मपलं-तुपलं'. ताई उदगीरच्या, म्हणजे 'करलालाव', 'चाललालंय'. स्टेजसाठी तुम्ही दोघांनी मिळून एक मधली मराठवाडी तयार केलीय, ती कुणाचीच नाही. कार्यक्रमाला ती चालते, लातूरपासून नांदेडपर्यंत सगळ्यांना कळते. मालिकेत ती पहिली काढून टाका. बोली म्हणजे विनोद, ही समजूतही काढून टाका. नुसतं 'लै' म्हटल्यानं हसू येत नाही, 'अत्यंत' म्हणत म्हणत 'लै' निसटलं की येतं. आपल्या मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली ती काही नुसत्या हेल काढण्यावर नाही. कोणतं पात्र कुणासमोर कुठली भाषा बोलेल, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

एक छोटा प्रसंग लिहून दाखवतो. सकाळ. तुम्ही सुशीला करताय असं धरा. ताई चुरमुरे भिजवून दोन्ही हातांनी पिळून ताटात टाकतायत. भाऊ दारात खुर्ची टाकून कॅमेऱ्याला सांगतायत, "आर्थिक व्यवहार आमच्यात अत्यंत पारदर्शक असतात. कलाकार म्हणून आम्ही मानधनाला दुय्यम मानतो." ताई चुरमुऱ्यांवरून नजर न उचलता, "मंडळाचे पैसे आले का?" भाऊ, "हो, मानधन प्राप्त झालेलं आहे." "किती?" "ते आपण नंतर सविस्तर..." "किती आले इचारलाले मी." आणि भाऊ खुर्चीतच अर्धे वळून, "अगं शूटिंग चालू हाय, दिसंना का तुला?" परत कॅमेऱ्याकडे. गप्प. ताईंच्या हातातल्या चुरमुऱ्यांचं पाणी ताटात पडतं, तो आवाज. कट.

इथं कुणी विनोद केलेला नाही. तरी मी हा प्रसंग सभागृहात दाखवायला तयार आहे.

दुसरी गोष्ट जी तुमच्या भागात राहून गेली: कॅमेरा धरणारं कोण? माहितीपट कोण करतंय, का करतंय, तुमच्या घरात त्याला प्रवेश कसा मिळाला? काही नावाजलेल्या मालिकांनी याचं उत्तर दिलेलंच नाही, हे खरं. अमेरिकेतल्या 'मॉडर्न फॅमिली'त ११ पर्वं पात्रं कॅमेऱ्याशी बोलतात आणि समोर कोण बसलंय ते कुणी सांगत नाही. तिथं प्रेक्षकाला त्या रीतीची सवय झालेली होती. आपल्या प्रेक्षकाला, विशेषतः तुम्ही ज्यांच्यासाठी करताय त्या वयाच्या बायाबाप्यांना, पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न पडेल की ह्यांच्या घरात हा माणूस कोण घुसलाय.

माझी सूचना: भाचा. नवऱ्याच्या बहिणीचा मुलगा, विद्यापीठात नाट्यशास्त्र किंवा पत्रकारिता शिकतोय, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मामा-मामींवर माहितीपट करतोय. एका निर्णयात तुमच्या किती गाठी सुटतात बघा. एकच कॅमेरा का, चौकट कधी तिरकी का, प्रकाश कमी का, याचं कारण मिळालं. पोरगं नात्यातलं, म्हणून त्याला घराबाहेर काढता येत नाही. त्याला मध्येच दूध आणायला पाठवता येतं. मग कॅमेरा ओट्यावर चालू राहतो आणि रिकाम्या स्वयंपाकघरात बाहेरून नुसते दोघांचे आवाज येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो मामाचा भाचा आहे. मामींना सतत संशय की कॅमेरा मामाच्या बाजूचा आहे. "तूच सांग, कोण बरोबर बोललालंय?" असं त्यांनी थेट भिंगाला विचारावं, आणि कॅमेऱ्यानं होकारार्थी मान हलवावी का नकारार्थी, या घोळात तो जागच्या जागी थिजावा. त्याचं तोंड कधी दाखवू नका. आवाज फारतर दोन-तीनदा, हळू.

नजरेचा नियम इथंच सांगून टाकतो, कारण तुमच्या भागात तो सगळा मोडलेला आहे. बाइट देताना नजर प्रश्न विचारणाऱ्याकडे असते, म्हणजे भिंगाच्या किंचित बाजूला, त्याच उंचीवर. थेट भिंगात बघणं हे वेगळं, ते चोरून बघणं आहे. 'हे तू पाहिलंस का' किंवा 'हे दाखवू नको' एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही दोघं दर पंचनंतर, म्हणजे हशाच्या वाक्यानंतर, भिंगात बघता, मी मोजलं, १४ मिनिटांत ३१ वेळा. मी एका भागात चारपेक्षा जास्त ठेवत नाही. चार म्हणजे कोणते, हे लिहितानाच ठरवतो आणि नटाला बाकी ठिकाणी सक्त मनाई करतो. स्टेजच्या माणसाला हे जड जातं. प्रेक्षकाकडं बघायचं नाही म्हणजे श्वास कोंडल्यासारखं होतं. चार दिवस तालीम करा, सुटेल.

आता तुमच्याच भागातला एक प्रसंग घेतो, कारण तो सोन्यासारखा आहे आणि तुम्ही तो ४० सेकंदांत संपवलाय. घरातल्या लग्नात सासूबाईंनी सुनेला मानाची साडी दिली. घरी येऊन घडी उलगडली तर ही तीच साडी, जी चार वर्षांपूर्वी सुनेच्या आईनं सासूबाईंना दिली होती; आत दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच. तुमच्या भागात भाऊ हा किस्सा स्टेजवर सांगतात, लोक हसतात, पुढं. किस्सा चांगला आहे, पण स्टेजवर सांगितलेला किस्सा मालिकेत मेलेला असतो. घडून गेलेली गोष्ट आपण ऐकतो, घडत असताना काही दिसत नाही.

माझ्या हातात दिला तर मी साडीपासून सुरू करणार नाही, वहीपासून करीन. तुमच्या घरात ती लांबट, पुठ्ठ्याच्या कव्हरची वही आहे, जिच्यात तुम्ही दोघं किस्से टिपून ठेवता. एका चित्रात मागं दिसली मला. कॅमेरा त्या वहीवर. ताजी ओळ, भाऊंच्या अक्षरात: 'आईची साडी'. खाली तारीख. ताई ती वाचतात.

"हे तुम्ही कामून लिहिलं?" असं ताई म्हणणार नाहीत, 'कामून' भाऊंचा शब्द आहे. ताई म्हणतील, "हे कशाला लिहिलाव तुम्ही?"

"मपल्या आईची गोष्ट हाय."

"साडी माज्या आईची हाय."

"साडीत काय इनोद नस्तो. इनोद आईत हाय."

यावर ताईंनी काही बोलू नये. त्यांनी पेन घ्यावा, 'आईची' खोडावं आणि वर लिहावं 'सुनेची'. भाचा वहीवर झूम करतो, थोडा उशिरा, फोकस जाऊन येतो. मग दोघांचे वेगवेगळे बाइट, दोघंही शुद्ध मराठीत. तो सांगतोय की कलाकृतीवर दोघांचा समान हक्क असतो. ती सांगतेय की तिला या गोष्टीचं काहीच वाटत नाही, तिनं तर ती साडी नेसूनसुद्धा टाकली. आणि आपल्याला दिसतंय, मागं कपाटावर साडी पिशवीत तशीच आहे.

मग सासूबाई. पडवीत गहू निवडत बसल्यात. भाचा विचारतो, आजी, तुम्हाला आठवत नव्हतं का साडी कुणी दिलेली? आजींनी सुपातला खडा बाजूला टाकावा आणि म्हणावं, "मला काय ठाव नव्हतं व्हय? एकदा पाण्यात घातली, काठाचा रंग गेला. म्हणलं, जिची तिला."

आता शेवटचं चित्र. आतून दोघंही एकदमच दारात आलेत, दोघांनी ऐकलंय, आणि दोघांची नजर एकाच वेळी वहीकडे जाते. 'जिची तिला' हे वाक्य कुणाचं?

बघा, हा तुमच्या अख्ख्या मालिकेचा पाया आहे. दोन विनोदवीरांच्या संसारात प्रत्येक प्रसंग हा मालही असतो. दुसऱ्या घरात साडीवरून भांडण झालं असतं. तुमच्या घरात साडीच्या किश्श्यावरून होतं. हे दुःख फक्त तुमच्यासारख्यांचं आहे आणि ते अजून मराठीत कुणी तुमच्याइतकं जवळून सांगू शकत नाही. म्हणून मी म्हणतो, कार्यक्रमातले विनोद मालिकेत कमीत कमी आणा. सहा भागांत मिळून तीनदा स्टेज दिसलं तरी पुष्कळ. तेही विंगेतून दाखवा: एक जण बोलतोय, दुसरा विंगेत उभा राहून त्याच्या वाक्यावर ओठ हलवतोय, आणि जिथं हशा यायला हवा तिथं आला नाही तर त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते.

लातूरची म्हणून एक गोष्ट तुम्हाला फुकट मिळालीय, ती वाया घालवू नका. पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर. तेव्हाच्या घागरींच्या रांगा तुम्ही दोघांनी बघितल्यात. त्या दिवसांवर हसण्यासारखं काही नाही आणि हसूही नये. पण नळाला पाणी आलं की काय होतं, ते घ्या. कितीही मोठी चर्चा चालू असो, बाइट चालू असो, रुसवा असो, गल्लीतून "पाणी आलं!" अशी हाक आली की माणूस कॅमेरा, प्रतिमा, मान-अपमान सगळं टाकून उठतो. मोटर लावायची, टाकीचं झाकण काढायचं, पाइप धरायचा. दोघं भांडत असतात आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता पाइपची दोन टोकं बरोबर धरतात. तुमच्या मालिकेत या जोडप्याचं प्रेम दाखवायचं असेल तर यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही. सहा भागांत दोनदाच वापरा. तिसऱ्यांदा ते यंत्र वाटेल.

आता दुसरा प्रश्न, घरातलं किती दाखवायचं. याबद्दल मी जरा जडपणानं बोलणार आहे. काही वर्षांपूर्वी एका कलाकार जोडप्याबरोबर मी अशाच ढंगाचे काही भाग केले. एका दिवशी चित्रीकरणाच्या मध्ये त्यांचं खरंच वाजलं, मुलाच्या शाळेवरून. कॅमेरा चालू होता. दोघांनी नंतर हसत "ठेवा, ठेवा" म्हटलं आणि मी ठेवलं. तो तुकडा लोकांना सगळ्यात आवडला. पण ते भांडण त्यांच्यात तेव्हा मिटलेलं नव्हतं, आणि आता ते गावाला माहीत झालं. प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी त्यांना ते वाक्य म्हणून दाखवायचं. पुढं त्यांनी एकत्र काम करणं थांबवलं. कारण तेवढं एकच होतं असं मी म्हणणार नाही, पण तो तुकडा काढायचा अधिकार माझ्या हातात होता आणि मी काढला नाही. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून माझ्याकडे पक्कं ठरलेलं आहे. मिटलेलं भांडण लिहायचं, चालू भांडण नाही. खरा प्रसंग घ्यायचा, पण एक खुंटी सरकवायची: आईचं आत्यावर, पैशाचं साडीवर, साडीचं भांड्यावर. प्रेक्षकाला खऱ्याचा वास आला पाहिजे, पत्ता कळता कामा नये. दोघांपैकी कुणालाही, संकलन पक्कं होण्याआधी, कुठलंही वाक्य कारण न सांगता काढायचा हक्क, आणि दुसऱ्यानं "का" विचारायचं नाही. लेकरांना यात आणू नका. ती मोठी झाल्यावर हो म्हणतील का, हे आज त्यांना विचारता येत नाही. आणि सासूबाईंना भाग सांगू नका, दाखवा. घरात, टीव्हीवर, इतर कुणी बघण्याच्या आधी. त्या जिथं हसत नाहीत ते टिपून ठेवा. त्या जिथं उठून आत जातात, ते काढून टाका. साडीचा प्रसंगही मग याच चाळणीतून जाऊ द्या.

तांत्रिक बाबी भराभर सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तेव्हा २५ फ्रेमवर शूट करा आणि शटर १/५० ठेवा. तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा सगळ्या भागभर फडफडतोय तो हे जुळवलेलं नसल्यामुळं. सगळे दिवे बंद करून खिडकीचा उजेड घेतला तरी चालेल, खरं तर जास्त बरं. झूम हातानं करा, नंतर संगणकावर केलेला झूम लगेच ओळखू येतो. हाताचा झूम थोडा चुकतो, जास्त आत जातो, परत येतो, आणि त्या चुकण्यातच कुणीतरी खरंच बघतंय असं वाटतं. कॅमेरा शक्यतो दाराआड, ग्रिलमागं, फ्रिजच्या कडेला. पात्रांना वाटावं की आपण आता दिसत नाही. पण कॉलर माईक अंगावरच असतो हे ती विसरतात, याचा उपयोग करा: चित्रात बंद दार, आवाज आतला.

आवाजावर पैसे खर्च करा, कॅमेऱ्यावर नाही. एप्रिलमध्ये पंखा बंद करून शूट करणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, तरी पंखा बंद करा. सुती साडीला माईक चालतो, रेशमी साडी सळसळते. प्रत्येक खोलीत कुणी न बोलता ३० सेकंद नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. तुमचे शांततेचे क्षण त्यावरच उभे राहणार आहेत. गणपतीच्या मांडवात शूट कराल तेव्हा डीजे बंद असताना करा. मागं सिनेमाचं गाणं ऐकू आलं तर भाग इंटरनेटवर टाकल्यावर गाण्याच्या हक्काचा दावा येतो आणि चांगला प्रसंग मुका करावा लागतो.

आणि तुम्ही घातलेलं सगळं पार्श्वसंगीत काढा. ते 'टॅडॅंग' आणि टाळ्यांचे आवाज तर आधी. १९५७ च्या १ एप्रिलला बीबीसीनं स्वित्झर्लंडमध्ये झाडावरून स्पॅगेटी तोडतानाचा वृत्तांत दाखवला होता, एरवीच्या गंभीर कार्यक्रमात, एरवीच्याच गंभीर निवेदकाच्या आवाजात. लोकांनी फोन करून हे झाड कसं लावायचं ते विचारलं. तिथं एकदा जरी 'टॅडॅंग' वाजलं असतं तर कुणी फोन उचलला नसता. तुमच्या भाच्यानं हा माहितीपट मनापासून, चांगले गुण मिळावेत म्हणून केलाय, असंच सगळं वाटलं पाहिजे.

पहिला भाग पुन्हा करा, नवीन भागाकडे जाऊ नका. लेखन १४ पानांच्या पुढं जाऊ देऊ नका, पान म्हणजे साधारण मिनिट. प्रत्येक प्रसंग दोनदा लिहिल्याप्रमाणं करा आणि तिसऱ्यांदा कागद बाजूला ठेवून. ताई, तुमचं उत्तम काम तिसऱ्यात येणार आहे, तुमच्या कार्यक्रमाच्या चित्रफितीत तुम्ही विसरलात तिथंच सगळ्यात चांगल्या आहात.

सासूबाईंचा बाइट मात्र एकदाच घ्या. सकाळी घेऊ नका, त्या तयार होऊन, नवी साडी नेसून बसतील आणि 'या ठिकाणी' म्हणतील. दुपारी घ्या, जेवणं झाल्यावर, त्या निवडायला बसल्या की. सूप त्यांच्याच हातात असू द्या, गहू खरेच खड्यांचे असू द्या. माईक पदराला लावू नका, पदर सारखा सरकतो. खांद्याजवळ आतून लावा, सुनेला लावू द्या. प्रश्न एकच विचारा आणि मग कुणीच काही बोलू नका. त्या लगेच उत्तर देणार नाहीत. चार-पाच खडे बाजूला पडतील. कॅमेरा चालू ठेवा.